ओळ त्रेचाळीस

ज्या कामात आकडे लागत नाहीत असं कोणी सांगतं, त्या कामाकडे निवृत्त बँकवाल्याने जरा संशयानेच पाहावं. मी पाहिलं नाही. सगळी नोकरी व्याजाचे दर, थकबाकीच्या याद्या आणि मार्चअखेरीच्या रात्री यांत गेलेली. त्यामुळे भाची जेव्हा म्हणाली, "मामा, संशोधनाची एक गुणात्मक पद्धत असते, तिच्यात आकडेमोड नाही, माणसं कशी बोलतात ते नीट ऐकायचं आणि त्यावर विचार करायचा," तेव्हा मला वाटलं, ही योजना खास पेन्शनरांसाठीच काढलेली दिसते. ऐकणं मला जमतं. लग्न झालेल्या माणसाची ती मूळ पात्रताच असते. तेव्हा पुण्यातल्या एका कॉलेजात शनिवार-रविवारी चालणाऱ्या वर्गाची फी भरून, नवी वही, दोन रंगांची पेनं आणि बायकोने दिलेली पाण्याची बाटली घेऊन मी डिस्कोर्स ॲनालिसिस शिकायला दाखल झालो. वर्गात सगळी पोरं. मी आत शिरताच ती उठून उभी राहिली, कारण त्यांना वाटलं सर आले. मला इतकं बरं वाटलं की मी "बसा, बसा" म्हणून मोकळा झालो. तेवढ्यात खऱ्या मॅडम आल्या.

त्यांनी मला बसा म्हटलं.

ओळखपाळख झाल्यावर मॅडमनी एकेकाला विचारायला सुरुवात केली, "तुम्ही कुठल्या परंपरेतून काम करणार?" कोणी फुको म्हणालं, कोणी फेअरक्लफ. माझी पाळी आली तेव्हा मी प्रामाणिकपणे सांगितलं की घरात वारकरी परंपरा आहे, पण मी स्वतः वारीला फारसा जात नाही. मॅडम म्हणाल्या, "बरं." मागच्या बाकावर कोणाला तरी जोराचा खोकला आला.

त्या 'बरं'चंही शास्त्र आहे हे पुढच्या शनिवारी कळलं. बर्मिंगहॅमच्या सिंक्लेअर आणि कुल्थर्ड या दोघांनी शाळेच्या वर्गातलं बोलणं तपासून १९७५ साली त्याचा आराखडा मांडला: मास्तर विचारतात, पोरगं उत्तर देतं आणि मग मास्तर त्या उत्तरावर शेरा मारतात. ही तिसरी पायरी वर्गाबाहेर सहसा नसते. रस्त्यात कोणाला किती वाजले विचारून, त्याने सांगितल्यावर 'शाब्बास' म्हणत नाही आपण. आमच्या घरी मात्र ती आहे. "आज तारीख काय हो?" "बारा." "बरोबर. आणि बाराला काय असतं?"

इथे पोरगं गप्प बसतं.

परंपरांचं प्रकरण मात्र सोपं नव्हतं. डिस्कोर्स ॲनालिसिस हे नाव झेलिग हॅरिस या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९५२ साली एका लेखाला दिलं आणि त्यानंतर भाषावाले, समाजशास्त्रवाले, मानसशास्त्रवाले असे सगळे आपापली चूल घेऊन त्या एका छपराखाली राहायला आले. कोणाचं कोणाशी फारसं पटत नाही, पण पाटी एकच. मी आधी फुकोच्या दारात गेलो, कारण त्याचं नाव पोरं फार आदराने घेत होती. 'आर्किऑलॉजी ऑफ नॉलेज' हे त्याचं १९६९ सालचं पुस्तक इंग्रजीतून घरी आणलं. बायकोने मुखपृष्ठ वाचलं आणि म्हणाली, "उत्खनन का? मग टोपी घालून जा, ऊन लागतं तुम्हाला." मी ते रोज रात्री वाचायला घेई आणि रोज रात्री चष्म्यासकट झोपी जाई. त्यातलं जे काही मला कळलं ते भाचीने वरणभात खाता खाता सांगितलं म्हणून: डिस्कोर्स म्हणजे नुसतं बोलणं नव्हे, तर एखाद्या काळात काय बोलता येतं, ते बोलायचा अधिकार कोणाला असतो आणि कोणाचं बोलणं वेड्यात काढलं जातं, हे ठरवणारी सगळी व्यवस्था. बायको पोळी लाटता लाटता म्हणाली, "यात नवीन काय?" फुकोवर इतका थोडक्यात अभिप्राय मी दुसरा ऐकलेला नाही.

मला आवडला तो हार्वे सॅक्स. हा साठीच्या दशकात लॉस एंजेलिसच्या आत्महत्या-प्रतिबंधक केंद्रात आलेल्या फोनांची रेकॉर्डिंग ऐकत बसला होता. केंद्रातला माणूस फोन उचलून आधी स्वतःचं नाव सांगायचा, म्हणजे रिवाजाप्रमाणे पलीकडच्यानेही आपलं नाव सांगावं. बहुतेक जण सांगायचे. एकाने मात्र नाव ऐकल्यावर 'ऐकू येत नाही' म्हटलं, केंद्रातल्या माणसाने नाव पुन्हा सांगितलं, त्याने तेच नाव परत उच्चारून घेतलं आणि या गडबडीत आपलं नाव सांगायची जागा बिनबोभाट ओलांडली. सॅक्सला लक्षात आलं की 'ऐकू येत नाही' ही कानाची तक्रार नव्हतीच. ते नाव न सांगण्यासाठी केलेलं काम होतं. हे वाचून मी उडालोच. अहो, लँडलाइनच्या जमान्यात आपण दुसरं काय करत होतो? "हॅलो, कोण बोलतंय?" "तुम्हाला कोण पाहिजे?" "नाही, पण आपण कोण?" "फोन तुम्ही केलाय ना?" अशी दोन सभ्य माणसं मिनिटभर झुंजायची आणि नाव न सांगता फोन ठेवायची. पुण्यात याला कोणी संशोधन म्हटलं नाही, एवढंच.

तर सॅक्सची व्याख्यानं टेपवरून उतरवायचं काम केलं गेल जेफरसनने. ही बाई मूळची नृत्याची विद्यार्थिनी. बोलणं कागदावर उतरवायच्या खुणा तिने अशा काही बसवल्या की अजून जगभर त्याच चालतात, आणि इथेच माझी फसगत झाली. आकडे नाहीत असं ऐकून मी आलो होतो. जेफरसनबाईंनी मला शांतता सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत मोजायला लावली. कंसात ०.४ म्हणजे सेकंदाचे चार दशांश कोणी बोललं नाही. कंसात नुसतं टिंब म्हणजे त्याहूनही कमी, कळेल न कळेल एवढं थांबणं. दोन माणसं एकदम बोलली की जिथे टक्कर झाली तिथे चौकोनी कंस, एकाचं संपतं न संपतं तोच दुसऱ्याने सुरू केलं की बरोबरची खूण, हळू बोललं की दोन्ही बाजूंना अंशाची चिन्हं, आणि स्वर लांबवला की कोलन. हा कोलन देवनागरीत टाइप केला की विसर्गच दिसतो. त्यामुळे माझ्या पहिल्या कागदात बायको मला 'अहोःःः' अशी थेट संस्कृतातून हाक मारते.

पहिलं रेकॉर्डिंग मी मोबाइल शर्टाच्या खिशात ठेवून केलं. त्यात किल्ल्यांचा जुडगा, माझा श्वास आणि लांबून आलेली भाजीवाल्याची आरोळी एवढाच ऐवज हाती लागला. मग मॅडम म्हणाल्या, "अशी जागा निवडा जिथे लोक एरवीही बोलतातच, तुमच्यासाठी नाही." अशी जागा आमच्या सोसायटीत वर्षातून एकदा हमखास तयार होते. सहकार कायद्याप्रमाणे वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. संशोधनाच्या नियमाप्रमाणे मी सभासदांची संमती मागितली, आणि 'रेकॉर्डिंगला परवानगी द्यावी की न द्यावी' यावर अशी काही जुंपली, जुने हिशेब, कुत्रा, पार्किंग आणि एका दिवंगत सभासदाचं गच्चीवरचं लोणचं अशी अशी प्रकरणं बाहेर आली की त्या पाऊण तासावर एखाद्याची पीएचडी झाली असती. पण परवानगी अजून मिळायची होती, म्हणून मी रेकॉर्डिंग सुरू केलं नव्हतं. परवानगी मिळाली, मी बटण दाबलं, आणि सगळे जण आकाशवाणीच्या बातम्या दिल्यासारखे बोलू लागले.

नशिबाने विषयपत्रिकेवर पाण्याचा टँकर होता. टँकरपुढे सभ्यता टिकत नाही. पुढची वीस मिनिटं मी हेडफोन लावून कित्येक संध्याकाळी उतरवत बसलो. तासभराचं बोलणं असं बारकाईने उतरवायला दहा-वीस तास सहज जातात म्हणतात, पण ते एकावेळी एक माणूस बोलत असेल तर. सॅक्स, शेग्लॉफ आणि जेफरसन यांचा १९७४ सालचा एक गाजलेला लेख आहे, बोलण्याची पाळी एकाकडून दुसऱ्याकडे कशी जाते यावर. त्यांचं म्हणणं, बहुतेक वेळ एकच जण बोलतो. दोघं एकदम बोलतात तेही नेहमीचंच, पण फार थोडा वेळ. मी विजयी मुद्रेने मॅडमपुढे कागद ठेवला. "मॅडम, हा सिद्धान्त आमच्या सोसायटीत पडला." मॅडमनी कागद पाहिला आणि विचारलं, "हे चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ 'माझं म्हणणं असं' हेच परत परत का म्हणतायत?" मी म्हटलं, "सवय आहे त्यांना." मॅडमनी बोट ठेवलं. ते काका "माझं म्हणणं असं" म्हणायचे, टक्कर व्हायची, तिथेच वाक्य सोडायचे, मैदान मोकळं झालं की पुन्हा पहिल्यापासून "माझं म्हणणं असं". ज्या क्षणी बाकीचे थांबले त्या क्षणी त्यांचं वाक्य अख्खं पुढे गेलं. म्हणजे गोंधळातही त्यांना पक्कं ठाऊक होतं की एका वेळी एकच. सिद्धान्त धडधाकट होता. पडलो होतो तो मी.

फेअरक्लफने मला वेगळंच घायाळ केलं. भाषा आणि सत्ता यांवरचं त्याचं पुस्तक १९८९चं. तो म्हणतो, कर्ता कुठे गायब केलाय ते शोधा. मी सोसायटीचं इतिवृत्त उघडलं. 'टँकरचा ठेका वाढवून देण्यात आला.' कोणी दिला? 'गच्चीची दुरुस्ती करण्याचे राहून गेले.' कोणाकडून? मी लाल पेनाने खुणा करत सुटलो, सेक्रेटरीच्या सत्तेचा बुरखा टराटरा फाडत होतो, आणि तेवढ्यात आठवलं की उभ्या हयातीत मी ग्राहकांना दुसरं काहीच लिहिलं नव्हतं. 'आपला अर्ज नामंजूर करण्यात आला आहे, याची नोंद घेण्यात यावी.' नामंजूर मीच करायचो, टेबलाच्या या बाजूला बसून, चहा पीत. घरातही तेच. माझ्या हातून आजवर काहीही झालेलं नाही: दूध उतू गेलं, काच फुटली, किल्ली आत राहिली, गॅस चालूच राहिला. हा अभ्यास चालू असताना एकदा कपाटाच्या काचेच्या दारावर स्टूल पडलं. बायकोने विचारलं, "कोणी पाडलं?" मी नकळत म्हणालो, "पडलं." ती म्हणाली, "तुमच्या त्या इंग्रज माणसाला विचारा जरा."

माझा पहिला अहवाल मॅडमनी काही न बोलता परत केला आणि सोबत एक लेख दिला. चार्ल्स अँटाकी आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांचा, २००३ सालचा. विश्लेषण केल्यासारखं दिसतं पण झालेलं नसतं असे सहा प्रकार त्यात सांगितलेत. रोगांच्या पुस्तकात माणसाला आपली सगळी लक्षणं सापडतात तशी मला ती सापडली. कोण काय म्हणालं याचा नुसता सारांश सांगायचा: मी सांगितला होता. कोणाची तरी बाजू घ्यायची: टँकरच्या बाबतीत मी उघड चौथ्या मजल्याच्या बाजूचा होतो, आणि तसं ठळक अक्षरात लिहिलं होतं. अवतरणांनी पानं भरायची: काका तीन पानं बोलत होते. चार माणसांवरून सगळ्या गावाबद्दल निष्कर्ष काढायचा: माझ्या शेवटच्या परिच्छेदाची सुरुवातच 'एकंदरीत पुणेकर' अशी होती. उरलेल्या दोनांपैकी एक मला कळला नाही, पण भाचीने वाचून सांगितलं की तोही आहे.

"मोठं काही नको," मॅडम म्हणाल्या. "एक पान घ्या. एकच. आणि त्यातली एकही ओळ सोडू नका."

म्हणून मी घराकडे वळलो. डेबोरा टॅनन या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी १९७८ साली कॅलिफोर्नियातलं, मित्रमंडळींबरोबरचं एक सणाचं जेवण टेप करून त्यावर आख्खं पुस्तक लिहिलंय. त्या जेवणात न्यूयॉर्ककडची मंडळी एकमेकांच्या बोलण्यावर बोलत होती, आणि तो त्यांच्या लेखी उत्साह होता, आपुलकी होती. कॅलिफोर्नियाचे दोघे मात्र समोरचा संपेपर्यंत थांबत होते आणि त्यांची पाळी येतच नव्हती. आमच्याकडे रविवारी दोन्ही मेहुण्या आणि सासूबाई जेवायला होत्या. रीतसर सगळ्यांची संमती घेतली, मोबाइल लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवला. रात्री ऐकायला बसलो आणि डोळे उघडले. चौघी एकदम बोलत होत्या, एकीचं वाक्य दुसरी पुरं करत होती, तिसरी त्यातच आमटीचं प्रमाण सांगत होती, आणि कोणालाही कोणी अडवतंय असं वाटत नव्हतं. कुकरच्या शिट्टीचा सुद्धा माझ्यापेक्षा मान राखला गेला. ती वाजली तेव्हा सगळ्या थांबल्या. माझी सगळी वाक्यं मी वेगळ्या कागदावर काढली. 'हं.' 'बरं.' 'अगं पण.' 'हं.' 'अगं पण.' 'पुरे.' एवढंच. 'पुरे' भाताला होतं.

स्वतःच्या घरात मी कॅलिफोर्नियाचा होतो.

बरं, हे एकदा ऐकू यायला लागलं की बंद करता येत नाही, ही या विद्येची खोड कोणी फी घेताना सांगत नाही. फोनवर मित्र बोलत असला की मी त्याच्या थांबण्यावर कान ठेवून, आणि तो "अरे आहेस ना?" विचारतोय. अनिता पोमेरांट्झ या बाईंनी दाखवून दिलंय की होकार माणूस झटकन देतो. नकार किंवा मतभेद असला की आधी जरा थांबतो, 'तसं' म्हणतो, 'म्हणजे' म्हणतो, मग मुद्द्यावर येतो. आणि जेफरसनबाईंच्या मते बोलता बोलता पडलेली शांतता साधारण एका सेकंदाच्या पुढे लोकांना सोसवत नाही. हे दोन्ही मला पाठ झालेलं असताना बायकोने विचारलं, "पडवळाची भाजी कशी झालीय?" प्रश्न साधा होता. भाजी उत्तम होती. पण हा मूल्यमापनाचा प्रश्न आहे, याला झटकन होकार यायला हवा, आणि उशीर झाला तर तो मतभेद धरला जाईल, हे सगळं मी मनात नीट मांडून घेतलं आणि मग मनापासून म्हणालो, "छान."

तोवर दीड सेकंद होऊन गेला होता. पडवळ पुढे बरेच दिवस झालं नाही.

ते एक पान मात्र मी जिवापाड केलं. मॅडमना आवडलं, वर्गात वाचूनही दाखवलं. घरी प्रिंट काढून फ्रिजवर लावली, ही तेवढी माझी हौस. बायकोने ती चष्मा लावून सावकाश वाचली.

"ओळ त्रेचाळीस," ती म्हणाली.

मी वाचली. त्याच्या आसपासचा मजकूर असा:

४० मी: ((चावण्याचा आवाज))
४१ मेहुणी: मुंज ठरलीये त्याची, कळलं ना=
४२ बायको: =हो मला फोन आला होता, जायलाच हवं, जायचं ना हो?
४३ मी: (०.६) हं.
४४ बायको: मग तिकिटं बघते मी. आमटी [वाढू?
४५ मी: [अगं पण
४६ बायको: बरं, अर्धीच वाटी.

"तुम्ही हो म्हणालात," बायको म्हणाली.

मी शास्त्र काढलं. म्हटलं, हा 'हं' होकार नव्हे; हा ऐकतोय, चालू दे, एवढंच सांगणारा 'हं' आहे, आणि शेग्लॉफने यावर लिहिलेलं आहे. शिवाय त्याच्या आधी शून्य पूर्णांक सहा सेकंदांची शांतता आहे. अशी शांतता म्हणजे नाखुशी. पोमेरांट्झ.

"घास होता तोंडात," ती म्हणाली. "ओळ चाळीस. तुम्हीच लिहिलंय."

मी म्हटलं, ठीक आहे, पण पंचेचाळीसाव्या ओळीत मी स्पष्ट हरकत घेतलेली आहे.

"ती आमटीला होती."

आता इथे मला त्याच १९७४च्या लेखातला एक मुद्दा आठवायला नको होता, पण भाची समोरच बसली होती आणि तिला तो आठवला. एखाद्या बोलण्याचा अर्थ काय, हे संशोधकाने आपल्या मनाने ठरवायचं नसतं. पुढच्याने तो काय समजून घेतला ते त्याच्या पुढच्या वाक्यात दिसतं, तो पुरावा. चव्वेचाळीसाव्या ओळीत त्रेचाळीसचा अर्थ होकार म्हणून घेतला गेला होता. शेहेचाळीसाव्या ओळीत पंचेचाळीसचा अर्थ आमटी म्हणून घेतला गेला होता. आणि त्यानंतर माझी दुरुस्तीची ओळ नाही. आहे ती सत्तेचाळीसावी, आणि तिच्यात मी आमटी भुरकतोय.

मॅडमनी त्या पानाला उत्तम शेरा दिला होता, त्यामुळे अपील करायला जागा नव्हती. तिकिटं निघाली, तीही मिळाली ती वरच्या बर्थची.

मुंज नागपूरला होती. मे महिन्यात.